विमानप्रवासात सुया व वैद्यकीय साहित्य नेणे

स्वतःच्या उपचारासाठी लागणाऱ्या इंजेक्शनच्या सुया, सिरिंज, इन्सुलिनची पेने, बोट टोचण्याच्या लॅन्सेट सुया, औषधांच्या कुप्या आणि तत्सम साहित्य विमानाच्या प्रवासीकक्षात जवळ बाळगण्यास भारतासह बहुतेक देशांत परवानगी आहे. ही परवानगी बिनशर्त नाही. सुई ज्या औषधासाठी आहे ते औषध आणि ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी सुईसोबत असावी लागते. औषधाविना नुसत्या सुया बाळगणाऱ्या प्रवाशाची चौकशी होऊ शकते आणि सुया काढूनही घेतल्या जाऊ शकतात.

सुई ही टोकदार वस्तू असल्याने ती विमानात चालणारच नाही, असा समज सर्वत्र आढळतो. त्यामुळे अनेक प्रवासी, विशेषतः प्रथमच विमानात बसणारे वयस्क, सुयांसह औषधांचा सगळा डबा मोठ्या बॅगेत भरून विमान कंपनीच्या स्वाधीन करतात. नियमांच्या दृष्टीने यात काही गैर नाही. मात्र इन्सुलिनवर अवलंबून असलेल्या रुग्णासाठी सुरक्षा तपासणीत होणाऱ्या अडवणुकीपेक्षा हीच गोष्ट अधिक धोक्याची ठरते.

पार्श्वभूमी

इन्सुलिनचा शोध १९२१ मध्ये टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांच्या प्रयोगांतून लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच एका मधुमेही मुलाला देण्यात आले. त्यानंतर अनेक दशके विमानात सुई नेणे हा प्रश्नच नव्हता, कारण प्रवाशांच्या सामानाची आजच्यासारखी तपासणी होत नसे.

भारतात हे चित्र अपहरणांच्या घटनांमुळे बदलले. १० सप्टेंबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सच्या एका विमानाचे अपहरण होऊन ते लाहोरला नेण्यात आले. त्यानंतर नेमलेल्या पांडे समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेचा स्वतंत्र कक्ष निर्माण झाला. जून १९८५ मधील ‘कनिष्क’ दुर्घटनेनंतर, १ एप्रिल १९८७ रोजी, त्याचे नागरी विमान सुरक्षा ब्यूरो या स्वतंत्र विभागात रूपांतर करण्यात आले. विमानात कोणत्या वस्तू नेता येतील व कोणत्या नाही, हे भारतात हाच ब्यूरो ठरवतो. डिसेंबर १९९९ मधील काठमांडू–दिल्ली विमानाच्या अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे देण्यात आली. त्याची सुरुवात फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून झाली. ११ सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतील हल्ल्यांत अपहरणकर्त्यांनी लहान पात्यांची हत्यारे वापरल्यामुळे जगभर टोकदार व धारदार वस्तूंकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. सुई त्या यादीत आली ती अशा रीतीने. औषधोपचाराचा अपवादही तिच्याबरोबरच आला.

तपासणीचे स्वरूप

क्ष-किरण यंत्राच्या पडद्यावर सिरिंज व सुया स्पष्ट दिसतात. तपासनीसाने बॅग बाजूला काढल्यास घाबरण्याचे कारण नसते. बॅग पट्ट्यावर ठेवण्यापूर्वीच ‘यात इन्सुलिन व सुया आहेत’ असे सांगणे उत्तम. औषध, सुया व चिठ्ठी एकाच पारदर्शक पिशवीत असल्यास तपासणी लवकर आटोपते. तीच औषधे बॅगेच्या तळाशी, कपड्यांच्या घड्यांत विखुरलेली असली की वेळ लागतो आणि मागे रांग वाढते.

अमेरिकेतील वाहतूक सुरक्षा प्रशासन इंजेक्शनच्या औषधासोबत असलेल्या न वापरलेल्या सिरिंज प्रवासीकक्षात नेऊ देते. ब्रिटन व युरोपीय संघातील नियमही साधारण याच धर्तीचे आहेत. मात्र प्रत्येक देशात अंतिम निर्णय प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो. त्यामुळे जाताना मुंबईत न मागितलेली चिठ्ठी परतीच्या प्रवासात मागितली जाण्याची शक्यता राहते.

द्रवपदार्थांची मर्यादा

ऑगस्ट २००६ मध्ये लंडनहून अमेरिकेकडे जाणारी विमाने द्रवरूप स्फोटकांनी उडवून देण्याचा कट उघडकीस आला. तेव्हापासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत हातातील सामानातून द्रव, जेल व फवारे नेण्यावर १०० मिलिलिटरची मर्यादा आली. प्रत्येक बाटली १०० मिलिलिटर किंवा त्याहून लहान असावी आणि अशा सर्व बाटल्या एक लिटर मापाच्या, बंद होणाऱ्या पारदर्शक पिशवीत मावाव्यात, असा हा नियम आहे. प्रवासात लागणारी औषधे, तान्ह्या मुलांचे अन्न व पथ्याचे पदार्थ यांना त्यातून सूट आहे. इन्सुलिनची कुपी १० मिलिलिटरची आणि पेनातील काडतूस ३ मिलिलिटरचे असते, म्हणजे सूट नसतानाही ती मर्यादेतच बसतात. सुटीचा खरा उपयोग खोकल्याच्या औषधाची मोठी बाटली, नळीवाटे द्यावयाचे अन्न किंवा औषध थंड ठेवणाऱ्या जेलच्या पिशव्यांसाठी होतो. आंब्याच्या लोणच्याच्या बरणीची जी अडवणूक होते ती इन्सुलिनची होत नाही, इतके लक्षात ठेवले तरी बरीच भीती कमी होते.

हातातील सामान की मोठी बॅग

इन्सुलिन व नित्याची औषधे हातातील सामानातच असावीत, असे डॉक्टर, औषध उत्पादक व विमान कंपन्या एकमुखाने सांगतात. याची कारणे दोन. पहिले म्हणजे मोठी बॅग उशिरा पोहोचते, दुसऱ्याच शहरी जाते, क्वचित हरवतेही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिनशिवाय एक-दोन दिवसही काढणे जिवावर बेतू शकते. दुसरे कारण तापमानाचे. आधुनिक विमानांचे सामानकक्ष दाबयुक्त असले तरी त्यांतील तापमान प्रवासीकक्षाइतके सांभाळले जाईलच याची खात्री नसते. शिवाय विमानात चढवण्यापूर्वी सामान धावपट्टीलगतच्या तळपत्या फरशीवर थांबू शकते.

गोठलेले इन्सुलिन निकामी होते. ते पुन्हा वितळले तरी त्याचा गुण परत येत नाही. दिसायला मात्र ते पूर्ववत वाटू शकते आणि धोका नेमका त्यातच आहे. रुग्ण नेहमीची मात्रा घेत राहतो, रक्तातील साखर चढत जाते आणि दोष पथ्याला दिला जातो.

प्रवास लांबल्यास कमी पडू नये म्हणून लागणाऱ्या साठ्याच्या दुप्पट साहित्य न्यावे, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. दोन माणसे बरोबर असतील तर साठा दोघांच्या हातातील सामानात विभागता येतो, पण चिठ्ठीची प्रत दोन्हीकडे ठेवावी लागते.

गावापासून विमानापर्यंत: तापमान

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावयाचे असते. वापरात घेतलेली कुपी वा पेन साधारण २५ ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानात सुमारे चार आठवडे टिकते. नेमकी मुदत उत्पादनागणिक बदलते आणि ती वेष्टनातील पत्रकावर छापलेली असते. विमानाच्या प्रवासीकक्षातील तापमान या मर्यादेत असते. म्हणून पंधरा-सोळा तासांच्या उड्डाणातही इन्सुलिनला काही होत नाही. त्याचे नुकसान होते ते बहुधा विमानतळावर पोहोचण्यापूर्वीच.

शिरूर आणि दौंड तालुक्यांच्या पट्ट्यातील गावांच्या उदाहरणाने हे स्पष्ट होते. घोड नदीकाठचे इनामगाव हे डेक्कन कॉलेजच्या उत्खननांत सापडलेल्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीसाठी प्रसिद्ध आहे. आज या भागातील कुटुंबांतील मुलेमुली शिक्षण-नोकरीनिमित्त परदेशी असणे नवलाचे राहिलेले नाही आणि त्यांच्याकडे जाणारे आईवडील साठी-सत्तरीतले असतात. जवळचा विमानतळ म्हणजे पुण्याचा लोहगाव. तो भारतीय हवाई दलाच्या तळावर असून तेथील नवे प्रवासी टर्मिनल २०२४ मध्ये सुरू झाले. मात्र लोहगावहून परदेशी जाणारी थेट उड्डाणे मोजकीच असल्याने अमेरिका-युरोपच्या प्रवाशांना बहुधा मोटारीने मुंबई गाठावी लागते. नगर रस्ता, पुणे शहर, द्रुतगती महामार्ग असा हा काही तासांचा प्रवास आहे. एप्रिल-मे महिन्यांत या भागातील पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तापमान त्याहूनही पुष्कळ वाढते. जेवणासाठी एखाद्या ढाब्यावर थांबताना औषधांची पिशवी मोटारीत राहिली, तर तेवढा वेळही इन्सुलिन बिघडण्यास पुरेसा असतो.

उलट चूकही तितकीच सर्रास होते. उष्णतेच्या धास्तीने कुपी बर्फाच्या खड्यांसह थर्मासमध्ये ठेवली जाते किंवा निघण्यापूर्वी रात्रभर फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली जाते. बर्फाला वा गोठवलेल्या जेलच्या पिशवीला चिकटून राहिलेले इन्सुलिन गोठते. कुपी कापडात वा रुमालात गुंडाळून, बर्फाशी प्रत्यक्ष स्पर्श होणार नाही अशी ठेवावी लागते. पाण्यात भिजवून वापरावयाच्या थैल्याही बाजारात मिळतात. त्यांतील पाणी हळूहळू वाफ होऊन उडते व आतला भाग थंड राहतो. त्यांना वीज किंवा बर्फ लागत नाही आणि त्यांत औषध गोठण्याचा प्रश्नच येत नाही. उन्हाळ्यात पाण्याचा माठ ज्या तत्त्वावर गार राहतो तेच हे तत्त्व. कोरड्या हवेत या थैल्या चांगले काम देतात, दमट हवेत त्यांचा प्रभाव घटतो.

औषधे थंड ठेवून विमानाने नेण्याचे मोठ्या प्रमाणावरील काम पुण्याला अपरिचित नाही. १२ जानेवारी २०२१ रोजी पहाटे मांजरी येथील सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशिल्ड लशीची पहिली खेप शीतवाहनांतून लोहगावला आली व तेथून विमानाने दिल्लीसह इतर शहरांकडे रवाना झाली. या लशीलाही २ ते ८ अंश तापमानच लागते. फरक एवढाच की लशीच्या खेपेसोबत सगळी यंत्रणा असते आणि एकट्या प्रवाशाच्या कुपीची काळजी वाहणारा फक्त तो स्वतः असतो.

चाळीस आणि शंभर

परदेशात गेल्यावर सुया व सिरिंज तिथेच विकत घेऊ, असा विचार करून त्या घरी ठेवल्या जातात. भारतीय रुग्णाच्या बाबतीत यात एक विशेष धोका आहे. भारतात कुपीतील इन्सुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० एकक या प्रमाणाचे असते आणि त्यासाठी ४० खुणांची, लाल टोपणाची सिरिंज वापरली जाते. पेनाच्या काडतुसातील इन्सुलिन मात्र १०० एककांचे असते. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इत्यादी देशांत कुपीतील इन्सुलिनही १०० एककांचे असते व सिरिंज नारिंगी टोपणाची, १०० च्या मापाची असते.

दोन्हींची सरमिसळ झाल्यास मात्रा अडीच पटींनी चुकते. ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत १०० एककांचे इन्सुलिन भरले, तर शरीरात २० ऐवजी ५० एकक जातात आणि रक्तातील साखर झपाट्याने उतरून रुग्ण बेशुद्ध पडू शकतो. याउलट भारतातून नेलेले ४० एककांचे इन्सुलिन तिकडच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत घेतले, तर प्रत्यक्षात ८ एककच मिळतात. म्हणून इन्सुलिन आणि त्याच मापाच्या सिरिंज संपूर्ण मुक्कामाच्या हिशेबाने एकत्र नेणे सर्वांत सुरक्षित असते. सुयांना विमानात परवानगी आहे ही माहिती येथे केवळ सोयीची राहत नाही.

कागदपत्रे

डॉक्टरांचे पत्र इंग्रजीत, शिक्का व स्वाक्षरीसह असावे. त्यात आजार, औषधांची मूळ नावे, रोजची मात्रा आणि सुया-सिरिंज जवळ बाळगण्याची आवश्यकता नमूद असावी. व्यापारी नावे देशागणिक बदलतात, म्हणून मूळ नाव महत्त्वाचे. मूळ नावेही क्वचित वेगळी असतात: भारतातील पॅरासिटामॉल अमेरिकेत अॅसिटामिनोफेन या नावाने ओळखले जाते.

दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी प्रत्यक्षात अडचणीच्या ठरतात. पहिली नावाची. पारपत्रावर अधिकृत नाव असते आणि गावच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘आबा’, ‘अक्का’ किंवा नुसते आडनाव असते. परदेशी अधिकाऱ्याला ही दोन वेगळी माणसे वाटतात. दुसरी गोष्ट कापलेल्या पट्ट्यांची. औषधविक्रेते गोळ्यांची पट्टी हवी तेवढी कापून देतात आणि उरलेल्या तुकड्यावर ना नाव राहते ना मुदतीची तारीख. वारांच्या कप्प्यांच्या डबीत काढून ठेवलेल्या गोळ्यांचेही तसेच. प्रवासासाठी अखंड पट्ट्या, मूळ खोकी व देयक बरोबर असणे इष्ट. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी साधारणतः ९० दिवसांपुरता साठा स्वीकारला जातो. त्याहून दीर्घ मुक्काम असल्यास तेथील डॉक्टरांकडून औषध लिहून घेण्याची सोय आधीच पाहावी लागते.

गंतव्य देशातील निर्बंध

विमानात चालणारी वस्तू उतरल्यावर त्या देशात कायदेशीर असेलच असे नाही. सुरक्षा तपासणी विमानाच्या रक्षणासाठी असते आणि सीमाशुल्क तपासणी त्या देशाच्या औषधकायद्यासाठी असते, हा भेद बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

महाराष्ट्रातून मोठी ये-जा असलेल्या संयुक्त अरब अमिरातीचे नियम या बाबतीत विशेष कडक आहेत. ट्रामाडॉल व कोडीनयुक्त वेदनाशामके तेथे नियंत्रित असून ती नेण्यासाठी त्या देशाच्या सरकारची पूर्वपरवानगी ऑनलाइन घ्यावी लागते. मधुमेहामुळे तळपायांना होणाऱ्या मुंग्या व जळजळीसाठी भारतात सर्रास दिले जाणारे प्रीगॅबालिनही तेथे नियंत्रित औषधांत मोडते. इन्सुलिन बिनदिक्कत पार होते आणि त्याच पिशवीतील पायांची गोळी अडते, असे त्यामुळे घडू शकते. औषध नसले तरी येथे नोंदवण्याजोगी गोष्ट म्हणजे खसखस. ती त्या देशात निषिद्ध आहे, आणि दिवाळीचे अनारसे खसखशीवरच थापले जातात.

काही पारंपरिक रसौषधींत व भस्मांत पारा वा शिसे असते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा उत्पादनांबाबत वेळोवेळी इशारे दिले आहेत.

उड्डाणातील मात्रा व वेळेचा फरक

मुंबई व न्यूयॉर्क यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. पश्चिमेकडे जाताना दिवस तितका लांबतो व एखादी जादा मात्रा लागू शकते. पूर्वेकडे परतताना दिवस आखूड होतो आणि नेहमीच्या वेळांना चिकटून राहिल्यास दोन मात्रा एकमेकींवर चढण्याचा संभव असतो. यासाठी सर्वांना लागू पडेल असे एकच कोष्टक नाही. उड्डाणाच्या वेळा दाखवून डॉक्टरांकडून तक्ता लिहून घेणे आणि उतरेपर्यंत एक घड्याळ भारतीय वेळेवरच ठेवणे, ही प्रचलित पद्धत आहे.

जेवणापूर्वीचे शीघ्रकारी इन्सुलिन ताट प्रत्यक्ष समोर आल्यावरच घ्यावे, कारण हवामान बिघडल्यास जेवण वाटणे मध्येच थांबते. साखर, ग्लुकोजच्या गोळ्या वा बिस्किटे डोक्यावरील कप्प्यात न ठेवता आसनापाशी ठेवावी लागतात. उड्डाणात प्रवासीकक्षातील हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरील दाबाइतका असतो. त्यामुळे पेनाला सुई लावून ठेवल्यास गळती होते वा काडतुसात बुडबुडे येतात. म्हणून सुई मात्रा घेतेवेळीच लावतात व लगेच काढतात.

इतर उपकरणे

इन्सुलिन पंप व सतत साखर मोजणारे संवेदक अंगावर ठेवून प्रवास करता येतो. मात्र काही उत्पादक ही उपकरणे क्ष-किरण यंत्रातून किंवा शरीर-स्कॅनरमधून नेऊ नयेत असे सुचवतात. अशा वेळी हाताने तपासणीची विनंती करता येते. सुट्या लिथियम बॅटऱ्या केवळ हातातील सामानात चालतात. पाऱ्याचा तापमापक याउलट फक्त मोठ्या बॅगेत, संरक्षक नळीसह आणि प्रत्येकी एकच, नेता येतो. प्राणवायूच्या सिलिंडरसाठी विमान कंपनीची आगाऊ संमती अनिवार्य असते. हिमोफिलियाचे रक्तघटक, वाढीचे संप्रेरक, हेपरिन इत्यादी इंजेक्शनांना इन्सुलिनप्रमाणेच औषध, सुई व चिठ्ठी एकत्र असण्याचा नियम लागू होतो.

वापरलेल्या सुया

वापरलेली सुई आसनासमोरच्या खिशात, कागदी पिशवीत किंवा प्रसाधनगृहाच्या कचऱ्यात टाकली गेल्यास ती विमान साफ करणाऱ्या कामगाराच्या हातात घुसण्याचा धोका असतो. कावीळ ब, कावीळ क व एचआयव्ही यांचा संसर्ग अशा टोचण्यातून होऊ शकतो. सुयांसाठी खास डबी मिळते. ती नसल्यास फिरकीच्या झाकणाची जाड प्लास्टिकची बाटली चालते. काही विमानांत कर्मचाऱ्यांकडे असा डबा असतो, पण तो असेलच असे गृहीत धरता येत नाही.

भारतात घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ यांनी घरातील वापरलेल्या सुया व सिरिंज यांची गणना घरगुती घातक कचऱ्यात केली. त्यामुळे त्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या द्यावयाच्या असतात. स्वतंत्र कचरा संकलन नसलेल्या गावांत भरलेली बाटली झाकण घट्ट लावून जवळच्या रुग्णालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, तेथे विचारून, देणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

हेही पाहा

मधुमेह, इन्सुलिन, पुणे विमानतळ, नागरी विमान सुरक्षा ब्यूरो, इनामगाव